विद्यापीठातला शोध रुग्णापर्यंत कसा पोहोचतो? एका कॅन्सर उपचाराच्या दोन वाटा

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत 'किमराया' या कॅन्सरवरच्या उपचाराला मंजुरी मिळाली. त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात 'नेक्सकार-१९' या उपचाराला परवानगी मिळाली. बातम्यांनुसार त्याचा खर्च होता साधारण ३० ते ४० लाख रुपये.

हे दोन्ही 'कार-टी सेल' उपचार आहेत. त्यात रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढून त्यांच्यात जनुकीय बदल केले जातात. कॅन्सरच्या पेशी ओळखू लागलेल्या या टी पेशी मग पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. दोन्ही उपचार विद्यापीठांच्या प्रयोगशाळेत जन्मले, पण तिथून बाजारात मात्र वेगवेगळ्या वाटांनी आले.

शोधाची मालकी कोणाची?

संशोधन प्राध्यापक करतात, पण पेटंट बहुतेक वेळा संस्थेच्या नावावर असतं. अमेरिकेत याला १९८० च्या बाय-डोल कायद्याचा आधार आहे. त्याआधी सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क साधारणपणे सरकारकडे जायचे. सरकारकडे सुमारे २८ हजार पेटंट जमा झाली होती आणि त्यातली ५ टक्क्यांहून कमी उद्योगांनी वापरायला घेतली होती. नव्या कायद्यामुळे विद्यापीठांना हे हक्क स्वतःकडे ठेवता येऊ लागले. मिळालेल्या उत्पन्नातला वाटा संशोधकाला देणंही बंधनकारक झालं.

भारतात याच धर्तीवरचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक संस्था स्वतःच्या धोरणानुसार चालते.

पेटंट मिळालं, पुढे काय?

संशोधक आधी आपल्या संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण विभागाला शोधाची माहिती देतो. इथे क्रम महत्त्वाचा असतो. पेटंटचा अर्ज करण्याआधीच शोधनिबंध छापला, तर शोध 'नवा' राहत नाही आणि पेटंट हातचं जाऊ शकतं.

पण पेटंट म्हणजे तयार औषध नव्हे. चाचण्या, कारखाना आणि सरकारी मंजुऱ्या यांना काही वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागतात. अनेक शोध याच टप्प्यावर अडकतात. ही दरी ओलांडायच्या दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट: लायसन्स

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१२ मध्ये 'नोव्हार्टिस' या बड्या औषध कंपनीशी करार केला. कंपनीला तंत्रज्ञान वापरण्याचे हक्क मिळाले. मोठ्या चाचण्या, उत्पादन आणि विक्री तिने सांभाळली. पाच वर्षांत 'किमराया' बाजारात आलं. यात वेग आणि पैसा मिळतो, पण किंमत कंपनी ठरवते.

दुसरी वाट: स्वतःची कंपनी

'नेक्सकार-१९'साठी आयआयटी मुंबईतल्या प्रयोगशाळेतून 'इम्युनोअ‍ॅक्ट' ही कंपनी उभी राहिली. आयआयटीच्याच 'साइन' या इन्क्युबेटरने तिला आधार दिला. रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी टाटा मेमोरियल सोबत होतं. २०२१ मध्ये तिथे पहिल्या रुग्णाला हा उपचार दिला गेला. 'बायरॅक' या सरकारी संस्थेने चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी 'लॉरस लॅब्ज'ने 'इम्युनोअ‍ॅक्ट'मध्ये हिस्सा विकत घेतला. म्हणजे या वाटेवरही खासगी भांडवल टळत नाही.

मग स्वस्त कशामुळे?

फक्त वाट बदलली म्हणून किंमत उतरली, असं म्हणता येणार नाही. भारतातला उत्पादन खर्च आणि इथल्या रुग्णांची ऐपत, दोन्हींचा त्यात वाटा आहे. तरीही ३०-४० लाख रुपये बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहेत.

म्हणूनच करारातल्या अटी महत्त्वाच्या ठरतात. एचआयव्हीवरच्या 'स्टॅव्हुडिन' या औषधाचं पेटंट येल विद्यापीठाकडे होतं आणि विक्रीचे हक्क 'ब्रिस्टल-मायर्स स्क्विब' कंपनीकडे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत या औषधाच्या स्वस्त जेनेरिक आवृत्तीला वाट द्यावी, अशी मागणी झाली. हक्क आधीच कंपनीला दिल्यामुळे येलला एकट्याने निर्णय घेता येईना. विद्यार्थी आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी दबाव आणला, तेव्हा कंपनीने तिथे पेटंटचा आग्रह सोडला आणि किंमतही कमी केली.

गरीब देशांत पेटंट लागू करायचं नाही किंवा तिथे दर कमी ठेवायचे, अशा अटी लायसन्स देतानाच घालता येतात. सही झाल्यावर विद्यापीठाच्या हातात फारसं उरत नाही. करदात्यांच्या पैशातून सुरू झालेलं संशोधन शेवटी कोणाला परवडणार, हे त्यामुळे बरंचसं त्या कागदावरच ठरतं.