निरभ्र रात्रींचा हिशेब : श्रीनगरचा एक आठवडा आणि थंडीच्या विज्ञानाची अडीचशे वर्षे

२०२४ च्या डिसेंबरात २० आणि २१ तारखांमधल्या रात्री श्रीनगरचे किमान तापमान उणे ८.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. १९७४ मधल्या उणे १०.३ अंशांनंतर डिसेंबर महिन्यातली ही तिथली सर्वांत थंड रात्र होती. डिसेंबरचा नीचांक त्याहून जुना आहे : १३ डिसेंबर १९३४, उणे १२.८ अंश. १८९१ पासूनच्या नोंदींत २०२४ ची रात्र तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली. सकाळी दल सरोवराच्या काठाकाठाने बर्फाची साय धरली होती आणि शिकारेवाले वल्ह्याने ती फोडत वाट काढत होते. गल्लोगल्ली लोक गोठलेल्या नळांखाली जाळ करून पाणी मोकळे करू पाहत होते.

काश्मीरच्या लोकपरंपरेत २१ डिसेंबर ही तशीही नोंदीची तारीख आहे. त्या दिवशी ‘चिल्लई कलान’ बसते. फारसीत ‘चिल्ला’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ आणि ‘कलान’ म्हणजे थोरला. या थोरल्या चाळिसानंतर वीस दिवसांचे ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचे ‘चिल्लई बच्चा’ येते. थर्मामीटर खोऱ्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी लोकांनी थंडीची ही उतरती भाजणी बसवलेली होती. फेरनच्या आतली कांगडी आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या ही त्या पंचांगाची व्यवहारातली अंगे.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट पंचांगात बसत नव्हती. श्रीनगरमध्ये बर्फ पडलेलेच नव्हते. आकाश दिवसा निळेशार आणि रात्री ताऱ्यांनी खच्चून भरलेले होते. आणखी एक विसंगती होती. गुलमर्ग श्रीनगरपेक्षा सुमारे एक हजार मीटर उंच आहे. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी घटते हा पाठ्यपुस्तकातला नियम लावला, तर गुलमर्ग सहा-सात अंशांनी अधिक थंड असायला हवे होते. प्रत्यक्षात त्या रात्री ते श्रीनगरपेक्षा कमी थंड होते. पुढे २७ डिसेंबरला ढग आले, खोऱ्यात दमदार हिमवर्षाव झाला आणि रात्रीचा पारा वर सरकला. म्हणजे बर्फ नव्हते तेव्हा थंडी कडाक्याची होती आणि बर्फ आले तेव्हा ती सौम्य झाली.

या कोड्याचे उत्तर विज्ञानाला एका दिवसात सापडले नाही. त्याचा पहिला धागा काश्मीरपासून दूर, गंगा-यमुनेच्या संगमावरच्या अलाहाबादेत आहे.

१७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर या ईस्ट इंडिया कंपनीच्या सेनाधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. विषय होता हिंदुस्थानात बर्फ कसे तयार करतात. अलाहाबादच्या परिसरात हिवाळ्यात मोकळ्या मैदानात उथळ, रुंद खड्डे खणले जात. त्यात उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरली जात आणि त्यांवर बिनझिलईची उथळ मातीची भांडी पाण्याने भरून ठेवली जात. पहाटे कामगार येऊन भांड्यांतले बर्फ गोळा करत. नवल असे, की आसपासची हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही बर्फ धरत असे. हे तंत्र ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांची नावे निबंधात नाहीत. मात्र त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : वारा नसलेली, निरभ्र रात्र असेल तरच बर्फ मिळते. ढगाळ रात्री मेहनत फुकट जाते.

या बर्फाचे श्रेय आधी बाष्पीभवनाला दिले गेले. मातीच्या माठातले पाणी गार होते, तसेच हे, असे समजले गेले. १८१४ मध्ये लंडनमधले वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात हिंदुस्थानी बर्फाचीही चर्चा केली. बाष्पीभवन हे खरे कारण असते, तर वाऱ्याने बर्फ अधिक बनायला हवे होते. घडत होते उलटे. वेल्स यांचा निष्कर्ष असा होता, की पाणी आपली उष्णता थेट आकाशाकडे प्रारित करते. वारा असला तर भोवतालची उबदार हवा ती तूट भरून काढते आणि ढग असले तर ते उष्णता परत खाली पाठवतात. चिपाडांचे काम जमिनीची ऊब भांड्यांपर्यंत पोहोचू न देण्याचे होते.

पुढचा दुवा जॉन टिंडल यांनी जोडला. १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत त्यांनी दाखवले, की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेच्या प्रारणाला जवळजवळ अडवत नाहीत, पण अल्प प्रमाणातली पाण्याची वाफ ते मोठ्या प्रमाणात शोषून घेते. ढगांचाच प्रश्न मग उरला नाही. आकाश निरभ्र असूनही दमट असेल तर रात्र उबदार राहते. निरभ्र आणि कोरडे असेल तर पृथ्वीच्या अंगावरचे पांघरूण विरळ होते.

आजच्या भाषेत हा हिशेब थोडक्यात मांडता येतो. शून्य अंश सेल्सिअसला असलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ३१५ वॅट ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. दाट, खालचे ढग असतील तर त्यातली बहुतेक ऊर्जा परत येते. कोरड्या, निरभ्र हिवाळी आकाशाकडून साधारण दोन-सव्वादोनशे वॅटच परततात. उरलेली तूट रात्रभर साचत जाते. श्रीनगरच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरची रात्र जवळपास चौदा तासांची असते आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून तेहतीस अंशांपलीकडे चढत नाही. दिवसाची कमाई थोडी, रात्रीचा खर्च मोठा, असा तो जमाखर्च असतो.

गुलमर्गचे कोडे सोडवायला मात्र खोऱ्याचा आकार लक्षात घ्यावा लागतो. काश्मीरचे खोरे ही पीर पंजाल आणि मुख्य हिमालय यांच्यामधली लांबट परात आहे. तिच्यातून झेलम वाहते आणि बारामुल्लापाशी अरुंद घळीतून बाहेर पडते. रात्री डोंगरउतार थंड होतात, त्यांना लागून असलेली हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून तळाकडे वाहत येते. बाहेर पडायची वाट अरुंद असल्याने ती तिथेच साचते. तळाशी थंड हवा आणि तिच्यावर त्याहून उबदार हवा, अशी उलटी रचना तयार होते. उबदार थर झाकणासारखा वर बसतो आणि चुलींचा, वाहनांचा धूरही खालीच कोंडून ठेवतो. नीलमत पुराणातली कथा सांगते, की हे खोरे पूर्वी ‘सतीसर’ नावाचे सरोवर होते. भूविज्ञानही करेवांच्या गाळात प्राचीन सरोवराची साक्ष वाचते. पाण्याचे ते सरोवर कधीच ओसरले, पण प्रत्येक शांत, निरभ्र हिवाळी रात्री त्याच परातीत थंड हवेचे सरोवर भरते. श्रीनगर त्याच्या तळाशी असते. गुलमर्ग त्याच्या काठावर, पृष्ठभागाच्या वर.

या सरोवराची खोली जागोजागी वेगळी असते. त्याच रात्री केशराच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या पांपोरजवळच्या कोनीबलमध्ये पारा उणे १० अंशांच्याही खाली गेला होता. म्हणूनच ‘पन्नास वर्षांतली सर्वांत थंड रात्र’ हे वाक्य एका ठिकाणच्या, एका उंचीवरच्या तापमापकाचे असते. उंचीचे महत्त्व जगाला नीट दाखवून देण्याचे काम पुण्यात झाले. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये एस. आत्मनाथन यांच्यासह एक अजब निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली असते, ही सर्वमान्य समजूत होती. रामदासांच्या मोजमापांत ती जमिनीपासून काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर वर आढळली. उपकरणाची चूक म्हणून हे निरीक्षण बराच काळ बाजूला ठेवले गेले. नंतर परदेशी संशोधकांनी मोजून त्याची खात्री केली आणि आज तो ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. त्याचे स्पष्टीकरण शोधण्याचे काम १९९० च्या दशकात बंगळुरूत रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेले. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा त्यातला वाटा पुढच्या पिढीच्या संशोधकांनी तपासला. पिकाला लागणारे हिव आणि वेधशाळेतला आकडा नेहमी एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे एक कारण या थरात आहे.

आता उरतो तो शेवटचा प्रश्न : त्या आठवड्यात आकाश इतके कोरडे का होते? काश्मीरला हिवाळ्यात मिळणारे बहुतेक पाणी भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींमधून येते. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. स्वतंत्र भारतात पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी १९५६ मध्ये त्यांच्यावर लिहिलेला शोधनिबंध या विषयातला एक पायाभूत टप्पा मानला जातो. त्याआधीही हिमालयातल्या बर्फाकडे हवामानशास्त्राचे लक्ष होते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातला हिमवर्षाव आणि पुढचा मॉन्सून यांचा संबंध मांडला होता. डोंगरावरचे बर्फ हा साऱ्या देशाच्या पाण्याचा विषय आहे, ही जाणीव तेव्हापासूनची.

झंझावात आला की ढग, वाफ आणि बर्फ येते. रात्र तुलनेने उबदार राहते. झंझावात रुसला की आकाश मोकळे होते आणि पारा कोसळतो. २०२१ च्या जानेवारीत या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. महिन्याच्या सुरुवातीला जोरदार बर्फ पडले, मग आकाश उघडले आणि १४ तारखेला श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला. ताजे बर्फ दिवसा सूर्यप्रकाश परतवते, रात्री जमिनीची ऊब वर येऊ देत नाही; अलाहाबादच्या चिपाडांचेच काम ते करते. २०२४ च्या डिसेंबरात शहरात हे पांढरे अंथरूणही नव्हते. केवळ कोरड्या आकाशाने पारा तितकाच खाली नेला.

म्हणूनच असा आठवडा आला, की ‘तापमानवाढ कुठे गेली?’ हा जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. किमान तापमानाचा एक आकडा रात्रीच्या उष्णतेची गळती सांगतो. हिवाळा भरघोस होता की रिता, हे तो सांगत नाही. हिवाळ्याची खरी बेरीज डोंगरावर साठलेल्या बर्फात असते. कडाक्याच्या त्या दिवसांत ओढेनाले आटून जलविद्युतनिर्मिती घटते आणि नेमकी तेव्हाच विजेची मागणी शिगेला पोहोचते. घराघरांत भारनियमन सोसावे लागते. पुढच्या फेब्रुवारीत गुलमर्गला पुरेसे बर्फ नसल्याने राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा लांबणीवर टाकाव्या लागल्या. त्याच महिन्यात अनंतनागजवळच्या अचबलचा झरा आटला. त्या झऱ्यावर मुघल उद्यानाचे पाट तर चालतातच, पण गावोगावचे पिण्याचे पाणीही अवलंबून असते.

कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या राजतरंगिणीत राजा तुंजीनाच्या काळातल्या एका अवकाळी हिमवर्षावाची हकीगत आहे. भाद्रपदात बर्फ पडले, उभे भाताचे पीक गेले आणि दुष्काळ पडला. त्या काळी थंडी मोजायला आकडे नव्हते; तिची नोंद पिकाच्या आणि माणसांच्या हानीतून होत असे. आज आकडे आहेत आणि १८९१ पासूनची त्यांची सलग माळ हा मोठा ठेवा आहे. पण कल्हणाची दृष्टी टाकून देण्यासारखी नाही : बर्फ कधी आले, किती आले, आणि त्यामागून काय पिकले.

२७ डिसेंबरच्या हिमवर्षावाने महामार्ग ठप्प झाला, विमाने थांबली, शेकडो प्रवासी वाटेत अडकले. खोऱ्यातल्या लोकांनी त्यांच्यासाठी घरांची आणि मशिदींची दारे उघडली. बातम्यांत ही अडचणीची रात्र ठरली. पण काश्मीरमध्ये पहिले बर्फ पडले की लोक एकमेकांना ‘शीन मुबारक’ म्हणतात. शीन म्हणजे बर्फ. उणे ८.५ अंशांच्या त्या चकचकीत, निरभ्र रात्रीसाठी असा कोणताही शुभेच्छेचा शब्द नाही.