रुबेलाचा मुक्काम: एका ‘किरकोळ’ आजाराचा इतिहास

आज आपण रुबेलाबद्दल बोलणार आहोत. अठराव्या शतकात जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून ‘जर्मन गोवर’ हे त्याचं दुसरं नाव. बारीक ताप, फिकट पुरळ, कानामागे सुजलेल्या गाठी, आणि तीन-चार दिवसांत सगळं ओसरतं. इतक्या किरकोळ आजारावर व्याख्यान कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हा आजार किरकोळ ठरतो तो आपली प्रतिकारशक्ती या विषाणूला वेळेत बाहेर काढते म्हणून. जिथे ती अपुरी पडते, तिथे तो मुक्काम ठोकतो. हे कळायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली.

पहिला धागा सापडला ऑस्ट्रेलियात. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती मांडली. त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. आईला नुसता पुरळ, आणि बाळाची दृष्टी गेलेली! अनेकांना हे पटायलाच वेळ लागला.

विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करता आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या दोन गटांना. लगेच १९६४-६५ ला तिथे मोठी साथ आली. सुमारे सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला आणि जवळपास २०,००० बाळं जन्मजात दोष घेऊन आली. या बाळांत एक वेगळीच गोष्ट दिसली. जन्मानंतर कित्येक महिने त्यांच्या घशातून आणि लघवीतून जिवंत विषाणू बाहेर पडत होता. गर्भाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. तिथे शिरलेला विषाणू सहजी निघत नाही.

याच साथीच्या काळात फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅनले प्लॉटकिन लस तयार करत होते. विषाणू माणसाच्या पेशींत, शरीरापेक्षा कमी तापमानाला, पुन्हा पुन्हा वाढवून त्यांनी त्याला नरम केलं. हा ‘आरए २७/३’ वाण. अमेरिकेत त्याला १९७९ मध्ये परवाना मिळाला. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लशीतही हाच वाण आहे. लशीचं यश वादातीत आहे: २०१५ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंड रुबेलामुक्त जाहीर झाले.

पण लस जिवंत आहे, हे विसरून चालत नाही. नरम केलेला विषाणू निरोगी मुलाच्या शरीरात थोडा वाढतो, प्रतिकारशक्तीला ओळख करून देतो आणि संपतो. ज्या मुलाच्या टी-पेशी जन्मतःच दुबळ्या आहेत, त्याच्याकडे तो संपेलच असं नाही. अशा काही मुलांच्या हातापायांवर, चेहऱ्यावर लस घेतल्यानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी, चिवट गाठी आणि व्रण येत. त्यांना म्हणतात ग्रॅन्युलोमा. कारण सापडत नसे. २०१४ पासून फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी या गाठींतच लशीचा रुबेला विषाणू दाखवून दिला. तो तिथे वर्षानुवर्षं टिकून होता आणि हळूहळू बदलतही होता. पुढे काही प्रौढांच्या गाठींत लशीचा नसलेला, मूळ विषाणूही आढळला. खात्रीचं औषध अजून नाही. मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाने प्रतिकारशक्तीच नवी मिळाली, तेव्हा काही मुलांच्या गाठी गेल्या.

मग लस नको का? उलट आहे! असे रुग्ण अगदी विरळ, आणि ज्यांना लस देता येत नाही त्यांना वाचवणारी भिंत बाकीच्यांच्या लसीकरणाचीच असते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा आपल्या मुलांच्या दंडावर टोचलेली सुई वर्गातल्या किंवा शेजारच्या अशा एखाद्या मुलासाठीही होती.

खरी अडचण वेळेची आहे. आपल्याकडे पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या वयात मिळतो. ‘अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया’ या आजारात मात्र मूल चालायला लागल्यावर त्याचा तोल जाऊ लागतो, आणि तेव्हा कुठे शंका येते. म्हणजे लस आधी, निदान नंतर. अमेरिकेत विस्कॉन्सिनने २००८ मध्ये नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्तावरून टी-पेशींची गंभीर कमतरता शोधायला सुरुवात केली. आज तिथे सगळीकडे ही तपासणी होते. भारतात ती सर्वांसाठी नाही. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेत अशा आजारांचं निदान होतं, पण तिथवर पोचायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

तोवर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. मुलाला वारंवार गंभीर संसर्ग होत असेल, किंवा घरात एखादं भावंडं तान्हेपणीच संसर्गाने गेलं असेल, तर लस टोचण्याआधी ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं. नोंदवहीत त्यासाठी रकाना असेलच असं नाही.