घरच्या पडद्यावर बालगंधर्व

बालगंधर्वांविषयी बोलताना जळगावकराने थोडा हक्क दाखविला, तर कोणी रागावू नये. राजहंसांचा नारायण लहानपणी शिक्षणासाठी जळगावी राहिला आणि गाण्याचे पहिले धडे त्याने येथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. आपल्या खुल्या नाट्यगृहाला त्याचे नाव आहे. गुरूचे नाव मात्र फारसे कोणाच्या ओठी नाही.

त्या शिष्याला आज घरबसल्या पाहता येते. परवा आमच्याकडे ‘धर्मात्मा’ लावला होता. प्रभातचा हा १९३५ सालचा बोलपट, शांतारामबापूंचे दिग्दर्शन, मास्तर कृष्णरावांचे संगीत, आणि एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व! शेजारच्या मुलाने एक पद चार वेळा मागे नेऊन ऐकले. चारही वेळा तान त्याच जागी आली, त्याच जागी संपली. मला एकदम नाट्यगृहातील ‘वन्समोअर’ आठवला. तेथे पद पुन्हा येई ते नव्या जागा घेऊन, म्हणून तर रसिक ते पुन्हा पुन्हा मागत. घरी आपण हवे तितके ‘वन्समोअर’ घेऊ शकतो. नवे मात्र काही मिळत नाही.

पाश्चात्त्यांनी आपल्या वादकांची चित्रे घेतली ती पाहावी. पोलंडचा पियानोवादक पादेरेव्स्की १९१९ साली आपल्या देशाचा पंतप्रधानही झाला होता. त्याला घेऊन इंग्लंडात ‘मूनलाइट सोनाटा’ हा चित्रपट निघाला, १९३७ साली. पंचाहत्तरीच्या घरातील तो वृद्ध चित्रपटाच्या आरंभीच दीर्घकाळ वाजवीत बसतो. कथा कशीबशीच आहे. पण शोपँची रचना वाजविणारे त्याचे हात कायमचे राहिले. वादकाने वाजवावे, कॅमेऱ्याने पाहावे, एवढेच तेथे काम होते.

आपल्याकडे काय झाले? भामिनी १९११ ची, रुक्मिणी १९१६ ची, सिंधू १९१९ ची; ज्या भूमिकांनी महाराष्ट्र वेडा केला त्या बोलपटापूर्वीच्या, हे खरे. पण १९३५ साली माणूस होता, आवाज होता, प्रभातसारखी संस्था होती. त्याच वेळी ‘स्वयंवर’ वा ‘एकच प्याला’तील दोन प्रवेश, साथीसह, जसेच्या तसे टिपून ठेवावेत, असे कोणाला वाटले नाही. प्रभातशी असलेला संबंध एका चित्रपटावरच संपला. पुढे १९३७ साली बाबूराव पेंटरांनी ‘अमृतसिद्धी’ नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ काढला; पण पन्नाशीला टेकलेल्या नटाच्या स्त्रीरूपाला कॅमेऱ्याची जवळीक मानवली नाही. रंगमंचावरचे ते अंतर हेही त्या मोहिनीचे एक अंग होते.

म्हणून सिंधू आज आपल्याला तबकडीतच भेटते, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे, आणि तीही डोळे मिटून. त्या मुलाने विचारले, “पण काका, ती दिसायची कशी?” मी त्याला छायाचित्र दाखविले.