अकरमनचं नाव आणि लँकेनस्पेर्गरची चाकं

मागच्या दिवाळीत बंगळुरूला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने रिमोटवर पळणारी टूरिंग कार नुकतीच स्वतः जोडली होती, एकास दहा मापाची. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून त्याने गाडी माझ्या नाकासमोर धरली. "मामा, बघ ना. पुढची दोन्ही चाकं सारखी वळत नाहीत. उजवं जास्त वळतं, डावं कमी. जोडताना माझं काही चुकलंय का?"

काही चुकलं नव्हतं. "त्याला अकरमन म्हणतात," मी म्हटलं. त्यावर त्याने विचारलं, "अकरमन कोण?" आणि मी अडकलो. ज्याच्या नावाने जगभर ही रचना ओळखली जाते, त्याने ती शोधलेलीच नाही. आजचा भाग त्याबद्दल.

आधी अडचण समजून घेऊ. आपल्या बैलगाडीला दोनच चाकं. वळताना एक चाक हळू फिरतं, दुसरं जोरात, बैल वळले की गाडी वळली. खरी डोकेदुखी चार चाकांची. पुरीच्या नंदिघोष रथाला १६ चाकं आहेत आणि एकालाही स्टिअरिंग नाही. जळगावच्या रामरथाच्या मिरवणुकीत चाकाखाली लाकडाची मोगरी लावणारी माणसं असतात. रथ थांबवणं आणि वळवणं हे त्यांच्या हातात. ती मोगरी लावायला काळीज लागतं, कारण मागून रथ येतच असतो.

युरोपातल्या बग्ग्यांनी वेगळा मार्ग काढला होता. पुढचा अख्खा कणा मधोमध एका खिळ्यावर फिरवायचा. मुंबईची व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे त्यांनी आठवून पाहावं: पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असत, म्हणजे वळताना ती बग्गीच्या पोटाखाली शिरू शकत. यात धोका होता. कणा पूर्ण वळला की बग्गीचा पुढचा आधार एका बाजूला सरकतो, चार पायांच्या टेबलाचं तिपाई होतं आणि जोराच्या वळणावर गाडी उलटते.

या धोक्यावर डोकं चालवणारा पहिला माहीत असलेला माणूस एक डॉक्टर होता, इरॅस्मस डार्विन. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. इंग्लंडच्या लिचफिल्डमध्ये राहून रोगी तपासायला गावोगाव फिरायचे, त्यामुळे खराब रस्ते आणि बग्गी हा त्यांचा रोजचा विषय. १७५९ च्या सुमारास त्यांनी ठरवलं की कणा जागच्या जागी ठेवायचा आणि फक्त दोन टोकांची चाकं आपापल्या खुंटीवर वळवायची. पेटंट काही त्यांनी घेतलं नाही. पुढे १७६८ साली स्वतःच्याच रचनेच्या एका गाडीतून पडून त्यांची गुडघ्याची वाटी फुटली आणि ते कायमचे लंगडे झाले. तरी गाड्यांचा नाद सुटला नाही, हे मला त्यांचं फार आवडतं.

मग जवळपास साठ वर्षं काही नाही. म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या दरबारासाठी बग्ग्या बांधणाऱ्या गेओर्ग लँकेनस्पेर्गरने १८१६-१७ च्या सुमारास हीच कल्पना पुन्हा मांडली. त्याला इंग्लंडमध्ये पेटंट हवं होतं, त्यासाठी लंडनमधला एक माणूस हवा. हा माणूस म्हणजे रुडॉल्फ अकरमन. सॅक्सनीत जन्मलेला, खोगिरं करणाऱ्याचा मुलगा, बग्ग्यांची चित्रं काढता काढता लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर छापील चित्रांचं मोठं दुकान टाकलेला. १८०६ साली नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ आखण्यातही त्याचा हात होता. १८१८ मध्ये लँकेनस्पेर्गरचा प्रतिनिधी म्हणून त्याने पेटंट घेतलं आणि कागदावर नाव पडलं अकरमनचं. त्याने चोरी केली असं मी म्हणणार नाही. त्याने मनापासून प्रचार केला, १८१९ मध्ये पुस्तिकाही छापली. पण लंडनच्या बग्गीवाल्यांनी ती रचना नाकारली, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो पुस्तिकेवरचा माणूस. म्युनिकचा कारागीर आज फक्त तळटीपांत सापडतो.

गंमत पुढे आहे. भाच्याला दिसलेला फरक, म्हणजे आतलं चाक जास्त वळणं, तो नेमका किती हवा याचा सोपा नियम फ्रान्सच्या शार्ल जाँतोने १८७८ मध्ये दिला. प्रत्येक चाकामागे एक छोटा हात असतो. ते दोन हात थोडे आत झुकवायचे, इतके की त्यांच्या रेषा लांबवल्या तर मागच्या कण्याच्या मध्यावर मिळतील. त्याच काळात आमेदे बोलेची वाफेवरची मोठी गाडी फ्रान्समध्ये अशाच वेगवेगळ्या खुंट्यांवर वळत होती. कार्ल बेंझने मात्र १८८६ ची मोटार तीनच चाकांची केली, कारण चार चाकं नीट कशी वळवायची हे त्याला समाधान होईल असं सुटत नव्हतं. सुटलं ते १८९३ मध्ये. त्या चारचाकी मोटारीचं नाव त्याने ठेवलं व्हिक्टोरिया!

आता भाच्याच्या गाडीवर हिशेब करू. पुढच्या-मागच्या कण्यांतलं अंतर साधारण २५७ मिलिमीटर. पुढच्या दोन खुंट्यांमध्ये १५० धरू. एक मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर आतलं चाक साडेपंधरा अंश वळायला हवं आणि बाहेरचं साडेतेराच्या आत. दोन अंशांचा फरक. न ठेवला तर एक टायर घासत फरफटत जातो, आणि गाडी ढकलताना ते हाताला कळतं.

पण हा हिशेब बैलगाडीच्या वेगाचा आहे, आणि इथे बरेच लोक फसतात. पुस्तकात लिहिलंय म्हणून शंभर टक्के अकरमन लावतात आणि मग गाडी वळणावर का ओढते म्हणून डोकं धरतात. वेगात टायर जिकडे तोंड करतो तिकडे जात नाही, थोडा बाजूला सरकत जातो. फ्रेंच आणि नंतर अमेरिकन अभियंत्यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत हे उलगडलं. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑलीने त्यावर फार काम केलं. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो आणि भारी टायरला पूर्ण पकड मिळवायला जास्त तिरपं व्हावं लागतं. म्हणजे वेगात बाहेरचं चाकही भरपूर वळलेलं हवं, जाँतोच्या रेषेच्या नेमकं उलट. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत हा फरक मुद्दाम कमी करतात, कधी उलटाही.

खेळण्यातल्या गाडीला एवढं कशाला, असं वाटेल. पण ती गाडी तेराशे-साडेतेराशे ग्रॅमची असते आणि तासाला साठ-सत्तर किलोमीटरने पळते. शिवाय या छंदात खऱ्या गाडीची नक्कल सुरुवातीपासून मनावर घेतलेली. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये रिमोटवरची पोर्शे ९३४ काढली. त्या मॉडेलसाठी शुनसाकू तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. आजच्या टूरिंग गाडीत अकरमन बदलायला टाय रॉडच्या मुळाशी वॉशर घालतात नाहीतर जोडाची जागा पुढे-मागे करतात. मिलिमीटरभराचा बदल गाडीच्या वागण्यात जाणवतो. छोट्या, आवळ वळणांच्या ट्रॅकवर फरक जास्त ठेवा, लांब मोकळ्या वळणांवर कमी करा. ही माझी चाल, दुसरा कोणी वेगळं सांगेल, कारण कॅस्टर, स्प्रिंग आणि टायरचं रबर मध्ये लुडबुडतातच.

मात्र त्या सगळ्याच्या आधीचं एक काम भाच्याने केलं नव्हतं. सर्वो मध्यावर न आणता त्याने हात बसवला होता. मी ट्रान्समीटर चालू करायला लावला, हात काढून सरळ बसवला, दोन्ही टाय रॉड कॅलिपरने मोजून सारखे केले. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये हळू वेगात पूर्ण स्टिअरिंग देऊन एक वर्तुळ डावीकडे, एक उजवीकडे, खडूने दोन्ही आखून. डावं वर्तुळ वीतभर मोठं आलं. त्याने ट्रान्समीटरवर डाव्या बाजूची मर्यादा दोन खुणा वाढवली आणि खडू पुन्हा माझ्या हातात दिला.