एकीचे नाक दुसरीला

अणुपाणबुड्यांचा इतिहास बहुधा अणुभट्ट्या आणि टॉर्पेडोंच्या अंगाने लिहिला जातो. मला त्यांच्या सुट्या भागांची कथा अधिक बोलकी वाटते.

८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' ही पाणबुडी ग्वाम बेटाच्या आग्नेयेला समुद्रातळच्या डोंगरावर भरवेगात आदळली. समोरच्या नकाशावर तो डोंगर नव्हता. एक खलाशी दगावला, ९८ जखमी झाले. नाक चेपले, आतले कवच आणि अणुभट्टी मात्र शाबूत राहिली.

नवे नाक आणायचे कुठून? त्या लॉस एंजेलिस वर्गाची शेवटची पाणबुडी १९९६ सालीच नौदलात दाखल झाली होती. तेव्हा नजर वळली धाकट्या बहिणीकडे, 'होनोलुलू'कडे. ती चार वर्षांनी नवी. तरी निवृत्ती तिच्याच वाट्याला आली. थोरलीत काही वर्षांपूर्वीच नवे अणुइंधन भरले होते, धाकटीचे भरायचे होते. त्यासाठी दुरुस्तीसह सुमारे १७ कोटी डॉलर लागणार होते. नाक बदलायला ७.९ कोटी. प्युजेट साउंडच्या गोदीत ते जोडले गेले.

जून २०२० मध्ये फ्रान्सची 'पेर्ल' तूलाँच्या गोदीत जळाली. तिलाही निवृत्त 'साफिर'चा पुढचा अर्धा भाग शेरबूरला जोडला.

अशा नौकांचे मोठे सुटे भाग कोठारात नसतात. ते निवृत्त बहिणींच्या अंगावर असतात. म्हणून त्यांना तोडण्याची घाई महागात पडू शकते, असे मला वाटते.