हार्दिक

हार्दिक (विशेषण) : अंतःकरणापासूनचा, मनापासूनचा. ‘हृद्’ या संस्कृत शब्दास ‘इक’ प्रत्यय लागून व आद्य स्वराची वृद्धी होऊन हे रूप सिद्ध होते. इंग्रजीतील ‘हार्टफेल्ट’ या विशेषणास प्रतिशब्द म्हणून ‘हार्दिक’ हा शब्द दिला जातो व अर्थदृष्ट्या ते यथार्थच आहे. परंतु ते इंग्रजी विशेषण आनंद, आभार आणि शोक या तिहींस सारखेच लागते, तर मराठीत ‘हार्दिक’चा अंमल केवळ शुभप्रसंगावर चालतो.

याचे प्रत्यंतर येरळा नदीकाठच्या वडूजसारख्या, खटाव तालुक्याची कचेरी असलेल्या गावातील फलकांवरही मिळते. निवडून आलेल्याचे ‘हार्दिक अभिनंदन’, पाहुण्यांचे ‘हार्दिक स्वागत’; नुकत्याच निवर्तलेल्यास मात्र ‘भावपूर्ण श्रद्धांजली’; आणि 9 सप्टेंबर 1942 रोजी येथील मामलेदार कचेरीवर तिरंगा फडकविण्यास निघालेल्या मोर्चात पोलिसांच्या गोळीबाराने धारातीर्थी पडलेले परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी यांस, त्या दिवसाच्या स्मरणप्रसंगी, ‘विनम्र अभिवादन’. भावनेची गाढता तिन्ही ठिकाणी सारखीच असली, तरी ज्या शोकाचे काळ लोटल्यावर आदरात रूपांतर झाले त्यास ताज्या दुःखाचे विशेषण लावावयाचे नाही, हा विवेक कोणत्याही व्याकरणाने न शिकविता लोकव्यवहाराने जपला आहे, आणि तो फार मोलाचा आहे.

शोकाचा व सांत्वनाचा भार मराठीने पुष्कळसा फारसी ‘दिल’वर सोपविला. ‘दिलगीर’ व ‘दिलासा’ हे शब्द इतके रुळले की सरकारी खुलाशातही ‘दिलगिरी’च व्यक्त होते. घरगुती बोलीत तर ‘हार्दिक’ला शिरकावच नाही. लेक सासरी निघाली की आईचे आतडे तुटते, मुलाच्या आजारपणात बापाच्या काळजाचे पाणी होते, आणि पाण्याविना करपणाऱ्या पिकाविषयी शेतकरी बोलतो ते पोटतिडकीने. गाढ भावनेचे मराठी शब्द असे देहाच्या आत रुतलेले आहेत. त्यांच्यापुढे ‘हार्दिक’ हा समारंभाचा शब्द ठरतो.

अतिवापराने त्याची धारही बोथट झाली आहे. त्यातच हिंदीच्या वळणाने ‘हार्दिक संवेदना’ असे लिहिण्याचा प्रघात शिरू पाहतो. तो मराठीस मानवणारा नाही. शोकपत्रात ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ असे सरळ लिहावे.