रुग्णशय्येपाशींचें वचन

विवाहसंस्कारांत आजारांत व आरोग्यांत परस्परांस न सोडण्याचें वचन आपण देतों. त्याची कसोटी रुग्णशय्येपाशीं लागते. ह्याविषयीं आपल्याच नाशिक जिल्ह्यांतील जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचें चरित्र मननीय आहे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, तरी आम्ही तें आदरानें स्मरतों. १८९५ सालीं पति नारायण वामन टिळक ह्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां ताटातूट झाली. पुढें संसार पुन्हा जुळला व १९०० सालीं लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. ता. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस निवर्तले. त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. चांदवडांत ज्या घरीं आज कोणी आपल्या आजारी जोडीदारापाशीं रात्र जागवीत असेल, त्यास आम्ही इतकेंच सांगतों : अशी निष्ठा मृत्यूपाशींही थांबत नाहीं, आणि त्या खाटेपाशीं प्रभु उभा आहे.